‘सीसी’ म्हणजे कोण? : युनिक्स प्रणालीतील संकलकांच्या नावांची व्यवस्था

रेल्वेच्या एखाद्या लहानशा स्थानकाच्या स्टेशनमास्तरांस पत्र लिहावयाचे झाले, तर पाकिटावर त्यांचे व्यक्तिनाम घालण्याची गरज नसते. ‘स्टेशनमास्तर’ एवढा हुद्दा आणि खाली स्थानकाचे नाव लिहिले म्हणजे त्या दिवशी त्या खुर्चीवर जे कोणी गृहस्थ बसलेले असतील त्यांच्या हाती ते पत्र पडते. त्यांची बदली झाली, ते सेवानिवृत्त झाले, तरी पत्ता बदलत नाही. ही सोय मोठी आहे. परंतु पत्र कोणाच्या हाती पडले हे पाठविणाऱ्यास ठाऊक नसते, ही तिचीच दुसरी बाजू होय. उत्तर अपेक्षेहून निराळे आले, म्हणजे ‘सध्या तेथे कोण आहे?’ अशी चौकशी करण्याची पाळी येते.

युनिक्स ही संगणकप्रणाली व तिच्या वळणावर उभारलेल्या लिनक्स, फ्रीबीएसडी इत्यादी प्रणाली यांत ‘सीसी’ नावाची एक आज्ञा असते. ती अशाच प्रकारचा एक हुद्दा आहे. सी भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्रभाषेत उतरविण्याचे काम जो कार्यक्रम करतो त्यास कंपायलर किंवा संकलक म्हणतात. ‘सीसी’ अशी आज्ञा दिली असता संकलक कामास लागतो हे खरे; परंतु तो कोणता, कोणत्या आवृत्तीचा, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे सी भाषा म्हणजे काय, हे त्या दोन अक्षरांवरून कळत नाही. ते कसे शोधावे, आणि त्या हुद्द्यावर दुसऱ्याची नेमणूक करावयाची झाल्यास ती कोणत्या मार्गाने करावी, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

आरंभीच लिपीविषयी एक खुलासा केला पाहिजे. येथे आज्ञा व फाइलींची नावे उच्चारानुसार नागरी लिपीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित करावयाची असतात, आणि त्यांत एका अक्षराचाही फरक चालत नाही.

नावाची पूर्वपीठिका

१९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सच्या कामास आरंभ केला. पुढील तीन-चार वर्षांत रिची यांनी सी भाषा सिद्ध केली, आणि १९७३ साली प्रणालीचा गाभा त्याच भाषेत पुन्हा लिहिण्यात आला. त्या काळी टेलिटाइप यंत्रावर एकेक अक्षर ठोकून आज्ञा द्याव्या लागत, आणि नावे आखूड ठेवण्याचा प्रघात होता. ‘सी कंपायलर’ या दोन शब्दांची आद्याक्षरे म्हणजेच ‘सीसी’. संकलकाने तयार केलेल्या फाइलीस वेगळे नाव सुचविले नाही, तर तिला ‘ए.आउट’ असे नाव मिळते. ‘असेंब्लरचे उत्पादन’ अशा अर्थाचे हे नाव त्याच पिढीतील आहे. त्या फाइलीची अंतर्रचना पुढे पार बदलली, तरी नाव अद्याप टिकून आहे. संगणकाच्या जगात यंत्रे लवकर मोडीत निघतात, नावे मात्र फार चिवट असतात.

आरंभी संकलक एकच होता. त्यामुळे नाव आणि नावाचा धनी यांत भेद करण्याचे कारणच नव्हते. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टीफन जॉन्सन यांनी निरनिराळ्या यंत्रांशी सहज जुळवून घेता येईल असा संकलक लिहिला, आणि अनेक युनिक्स प्रणालींत ‘सीसी’ या नावामागे तो येऊन बसला. मार्च १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी आपला ‘जीसीसी’ हा संकलक प्रथम लोकांस खुला केला. त्याचे नाव वेगळे असल्यामुळे यंत्र विकणाऱ्या कंपनीचा ‘सीसी’ जागेवर ठेवून त्याच्या शेजारी हा बसविता येत असे. एका यंत्रावर दोन संकलक नांदू लागले, आणि ‘सीसी’ म्हणजे कोण, हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाला.

काही ठिकाणी हुद्दा राहिला आणि माणूस गेला. सन कंपनीने १९९२च्या सुमारास आपल्या सोलारिस प्रणालीतून सी संकलक वेगळा काढून तो निराळा विकावयास आरंभ केला. त्या यंत्रांवर ‘सीसी’ नावाची फाइल एका डिरेक्टरीत सापडे. परंतु ती चालविली असता भाषेचे ऐच्छिक पॅकेज बसविलेले नाही, एवढाच निरोप मिळे. उलट बाजूने, ॲपल कंपनीच्या मॅक संगणकांवर १९८७ पासूनचे प्रसिद्ध ‘जीसीसी’ हे नाव शिल्लक राहिले, पण २०१३ साली एक्सकोड-५ या साधनसंचापासून त्यामागे जीसीसी नसून ‘क्लँग’ हा निराळाच संकलक असतो. क्लँगचा पाया असलेला एलएलव्हीएम प्रकल्प इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झाला होता. फ्रीबीएसडी प्रणालीनेही जानेवारी २०१४ मध्ये, आपल्या १०.० या आवृत्तीत, प्रमुख यंत्रांवर ‘सीसी’चे पद जीसीसीकडून काढून क्लँगला दिले. जुन्या आज्ञावली अडू नयेत म्हणून क्लँग जीसीसीची बहुतेक सर्व वळणे उचलतो. इतकेच काय, एखादी आज्ञावली संकलित होत असताना ‘तू जीसीसी आहेस काय?’ असे विचारू लागली, तर सामान्यतः तो ‘होय, ४.२ आवृत्तीचा’ असेच उत्तर देतो.

या गोंधळावर प्रमाणसंहितेने एक तोड काढली. पॉसिक्स नावाच्या युनिक्स-प्रमाणात आज्ञेच्या नावातच भाषेचे वर्ष घालण्यात आले : प्रथम ‘सी८९’, २००१च्या आवृत्तीत ‘सी९९’ आणि २०२४च्या आवृत्तीत ‘सी१७’. म्हणजे पदाबरोबर त्या पदाचे कामही ठरले. गंमत अशी की, ज्या ‘सीसी’पासून ही सारी परंपरा निघाली ते नाव २००१ पासूनच्या प्रमाणात नाही, तथापि ते नसलेली प्रणाली मिळणे कठीण, आणि लोक टंकित करतात तेही हेच.

एकाच आज्ञेची दोन उत्तरे

इतिहास एवढा पुरे. हा प्रश्न शाळेच्या प्रयोगशाळेत कसा उभा राहतो ते पाहू.

समजा, एका शाळेत दोन संगणक आहेत. एकावर डेबियन लिनक्सची १२वी आवृत्ती (२०२३) आहे, दुसऱ्यावर १३वी (२०२५). विद्यार्थ्याने जुन्या पुस्तकातून एक छोटी आज्ञावली उतरवून घेतली आहे. तीत ‘मेन’ या मुख्य कार्याच्या आधी त्याच्या उत्तराचा प्रकार लिहिलेला नाही, आणि ‘प्रिंटएफ’ वापरण्यापूर्वी त्याची ओळख करून देणारी शीर्षफाइलही जोडलेली नाही. १९७८ च्या सुमारास अशीच पद्धत होती. पहिल्या संगणकावर ‘सीसी’ एक-दोन सूचना देऊन काम पार पाडतो. दुसऱ्यावर तोच ‘सीसी’, तीच फाइल, अक्षरही न बदलता, चूक म्हणून परत करतो. विद्यार्थी गोंधळतो, शिक्षक फाइल पुन्हा तपासतात, शेवटी दुसरा संगणक बिघडला आहे असा निष्कर्ष निघतो.

बिघडलेले काहीच नाही. पहिल्या यंत्रावरील नावामागे जीसीसीची १२वी आवृत्ती आहे, दुसऱ्यावर १४वी. मे २०२४ मध्ये आलेल्या त्या १४व्या आवृत्तीने या जुन्या सवलती काढून घेऊन त्यांस चुका ठरविले. क्लँगने हेच एक वर्ष आधी, आपल्या १६व्या आवृत्तीत केले होते. असे बदल पूर्वीही झाले आहेत. भाषेची आवृत्ती सांगितली नसेल तर जीसीसी २०१५ पूर्वी १९८९ सालची सी गृहीत धरीत असे. ५व्या आवृत्तीपासून २०११ सालची धरू लागला, ८व्यापासून २०१७ ची, आणि एप्रिल २०२५ मधील १५व्या आवृत्तीपासून २०२३ ची. या शेवटच्या भाषेत ‘बूल’ हा भाषेचा स्वतःचा शब्द झाला आहे. म्हणून ज्या जुन्या आज्ञावलींनी तो आपल्या सोयीसाठी स्वतः घडविला होता त्या अडतात. नाव ‘सीसी’च राहिले, पण त्यास दिलेल्या मजकुराचा अर्थ लावण्याची रीत तीन वेळा बदलली.

या विद्यार्थ्याकरिता उपाय सोपा आहे. दुसऱ्या यंत्रावर ‘सीसी’ऐवजी ‘सी८९’ ही आज्ञा दिली, तर तोच संकलक जुन्या भाषेचे नियम लावतो आणि फाइल स्वीकारतो. (टर्बो-सी या डॉसवरील संकलकासाठी लिहिलेल्या, आणि आपल्याकडील वर्गांतून अनेक वर्षे शिकविल्या गेलेल्या आज्ञावलींचा रोग मात्र निराळा आहे. त्यांना लागणारी ‘कोनआयओ’ ही शीर्षफाइलच युनिक्सवर नसते. नाव बदलून तो बरा होत नाही.)

याहून गंभीर प्रसंगही घडलेले आहेत. सप्टेंबर २००० मध्ये रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची ७वी आवृत्ती निघाली. तीत ‘जीसीसी’ या नावाखाली २.९६ असा क्रमांक असलेला संकलक होता. परंतु जीसीसी प्रकल्पाने त्या क्रमांकाची आवृत्ती प्रसिद्धच केलेली नव्हती. घडणीत असलेल्या कामाची ती एक प्रत होती. पुढील महिन्यात प्रकल्पाच्या समितीने तसे जाहीर निवेदनही काढले. त्या संकलकाने सिद्ध केलेली सी++ भाषेतील कामे आधीच्या २.९५शी जुळत नव्हती, आणि पुढे येणाऱ्या ३.०शीही जुळणार नव्हती. लिनक्सचा गाभा संकलित करण्याकरिता कंपनीने ‘केजीसीसी’ असे वेगळे नाव देऊन एक जुना संकलक बरोबर दिला. ज्याने ‘जीसीसी’ असे टंकित केले त्याला प्रयोगशाळेतील कच्चा माल मिळाला, आणि मुरलेला संकलक हवा असेल त्याला नवे नाव पाठ करावे लागले.

नावामागे कोण आहे हा प्रश्न विश्वासाचाही आहे. टॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात तो मांडला होता. संकलकच जर असा घडविला की, प्रवेशाची परवानगी देणारी आज्ञावली समोर येताच तीत तो गुपचूप एक चोरदार बसवील, आणि संकलकाची स्वतःची आज्ञावली समोर येताच हीच युक्ती तीतही उतरवील, तर मूळ मजकूर कितीही बारकाईने वाचला तरी त्यात काहीच आढळणार नाही. आपण जे लिहितो ते आणि यंत्र जे करते ते, यांच्यामध्ये ‘सीसी’ उभा आहे.

नाव कोठे शोधले जाते

आज्ञा ऐकून घेणाऱ्या कार्यक्रमास शेल म्हणतात. ‘सीसी’ हे अक्षरयुग्म मिळताच शेल ‘पाथ’ नावाच्या यादीतील डिरेक्टऱ्या क्रमाने धुंडाळतो, आणि त्या नावाची पहिली चालविण्याजोगी फाइल सापडली की तेथेच थांबतो. पुढील डिरेक्टऱ्यांत त्याच नावाची आणखी कोणी असली तरी ती विचारात घेतली जात नाही. म्हणून चौकशीची पहिली आज्ञा ‘टाइप -ए सीसी’ ही होय. यादीतील सर्व ठिकाणची ‘सीसी’ नावे ती क्रमाने दाखविते.

पुष्कळदा सापडलेली फाइल म्हणजे संकलक नसून नुसता दुवा असतो. दुवा म्हणजे अशी फाइल की जिच्यात ‘पुढे अमुक ठिकाणी जा’ एवढाच मजकूर आहे. दुव्यामागून दुवा असा प्रवास करून शेवटच्या खऱ्या फाइलीपर्यंत पोहोचण्यासाठी ‘रीडलिंक -एफ’ ही आज्ञा आहे. तिला सापडलेल्या फाइलीचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. आणि ‘सीसी --व्हर्जन’ असे विचारले म्हणजे नामधारी स्वतःच आपले नाव व क्रमांक सांगतो. या तिन्ही आज्ञा केवळ विचारणाऱ्या आहेत, त्या काही बदलत नाहीत. म्हणून त्या निर्धास्तपणे वापराव्यात. कोणताही बदल करण्यापूर्वी तिन्हींची उत्तरे वहीत लिहून ठेवावीत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. बिघाडानंतर ‘पूर्वी काय होते?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर क्वचितच कोणापाशी असते.

डेबियनमधील पर्यायव्यवस्था

आता नेमणुकीकडे वळू. उदाहरणासाठी डेबियन प्रणाली घेण्याचे कारण असे की, सी-डॅक या संस्थेने सिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे, आणि केरळातील शाळांसाठी तेथील काइट या संस्थेने तयार केलेली प्रणाली ज्या उबुंटूवर बेतलेली आहे ती उबुंटूही डेबियनच्याच वंशातील. आपल्या देशातील पुष्कळ वाचकांस हीच व्यवस्था भेटेल.

येथे ‘/यूएसआर/बिन/सीसी’ हा एक दुवा आहे. तो सरळ संकलकाकडे जात नाही. तो ‘/ईटीसी/अल्टर्नेटिव्हज/सीसी’ या दुसऱ्या दुव्याकडे जातो, आणि तो दुसरा दुवा ‘/यूएसआर/बिन/जीसीसी’कडे. हा मधला टप्पा कशाला, असे वाटणे साहजिक आहे. युनिक्सच्या रिवाजाप्रमाणे ‘यूएसआर’ हा भाग पॅकेजांच्या मालकीचा, तर ‘ईटीसी’ हा त्या यंत्राच्या व्यवस्थापकाच्या निवडीचा. नेमणूक करणे ही व्यवस्थापकाची बाब असल्यामुळे तिची नोंद त्याच्याच हद्दीत राहिली पाहिजे. मधला दुवा बदलला की काम होते. ‘यूएसआर’मधील एकाही फाइलीस हात लावावा लागत नाही.

हे दुवे हाताने न बदलता ‘अपडेट-अल्टर्नेटिव्हज’ या आज्ञेने बदलावयाचे असतात. प्रत्येक संकलकाचे पॅकेज बसविले जात असता ते आपला उमेदवार या व्यवस्थेकडे नोंदविते आणि सोबत एक अग्रक्रमाचा आकडा देते. ‘सीसी’ या पदासाठी डेबियनचे जीसीसी पॅकेज २० हा आकडा देते आणि क्लँगचे पॅकेज १०. व्यवस्था स्वयंचलित स्थितीत असेल तर मोठा आकडा असलेला उमेदवार आपोआप नेमला जातो. म्हणून आधी जीसीसी असलेल्या यंत्रावर क्लँग बसविला तरी ‘सीसी’चा धनी बदलत नाही. याउलट नुसता क्लँगच असलेल्या यंत्रावर कोणी जीसीसी बसविला, तर मात्र कोणी न सांगता ‘सीसी’ जीसीसीकडे जातो. हा बारकावा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

‘अपडेट-अल्टर्नेटिव्हज --डिस्प्ले सीसी’ असे विचारले म्हणजे सर्व उमेदवार, त्यांचे आकडे व सध्याची नेमणूक दिसते. ‘--कॉन्फिग सीसी’ असे म्हटले तर क्रमांकवार यादी समोर येऊन निवड विचारली जाते. त्यासाठी व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. एकदा माणसाने निवड केली की ती जागा ‘हस्तचलित’ स्थितीत जाते आणि पुढे कितीही मोठ्या आकड्याचा उमेदवार आला तरी ती निवड मोडली जात नाही. कोणी हा मधला दुवा हाताने बदलला असे आढळले, तरीही ही व्यवस्था त्यास माणसाची इच्छा समजते आणि आपण होऊन फेरफार करणे थांबविते. यंत्राने माणसाच्या निर्णयाचा इतका मान राखावा, ही आम्हांस या रचनेतील सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

नावे एकेकटी नसतात, हे मात्र विसरू नये. ‘सीसी’बरोबर त्याचे माहितीपत्रक असते; ते त्याचे अनुयायी म्हणून नोंदविलेले असल्याने त्याच्यासवे आपोआप बदलते. परंतु सी++ भाषेच्या संकलकाचे ‘सी++’ हे पद पूर्णपणे वेगळे आहे. एखाद्याने ‘सीसी’वर क्लँगची नेमणूक केली आणि ‘सी++’ तसेच सोडले, तर एकाच कामातील अर्ध्या फाइली क्लँग संकलित करील आणि अर्ध्या जीसीसी. पुष्कळदा हे निभावून जाते. पण जोडणीच्या वेळी सबंध कामाची एकत्र सुधारणा करण्याचा पर्याय दिलेला असेल, तर दोघांच्या मधल्या फाइलींची घडणच निराळी असल्यामुळे जोडणी फसते. ‘सी८९’ व ‘सी९९’ हीदेखील आपापली स्वतंत्र पदे आहेत.

‘जीसीसी’ या नावाची गोष्ट आणखी निराळी. ते पर्यायव्यवस्थेत नाहीच. डेबियनच्या १३व्या आवृत्तीत ते ‘जीसीसी-१४’कडे जाते, आणि हा दुवा पॅकेजचा स्वतःचा आहे, कारण त्या आवृत्तीतील इतर सर्व पॅकेजे त्याच संकलकाने सिद्ध झाली आहेत. तरीही ‘अपडेट-अल्टर्नेटिव्हज’ वापरून ‘जीसीसी’ हे नावही पर्यायी करून घ्यावे, असा सल्ला ठिकठिकाणी दिला जातो. तो न मानलेला बरा. एकाच दुव्यावर पॅकेज आणि व्यवस्थापक असे दोघे हक्क सांगू लागतात, आणि पॅकेजची पुढील सुधारणा आली की कोणाचे चालले हे पाहत बसावे लागते. विशिष्ट आवृत्ती हवी असेल तर ‘जीसीसी-१३’ असे पूर्ण नाव टंकित करावे. ते नाव नेमके याचसाठी आहे.

बदल किती मोठा करावा

नेमणूक तीन पातळ्यांवर करता येते : एका कामापुरती, एका व्यक्तीपुरती आणि सबंध यंत्रापुरती. बहुतेकांस पहिलीच पुरते, पण बहुतेक जण तिसरीपासून आरंभ करतात.

कामापुरती निवड करण्याचे साधन म्हणजे ‘सीसी’ याच नावाचे, परंतु मोठ्या रोमन अक्षरांत लिहिले जाणारे एक चल. नागरीत हा भेद दाखविता येत नाही, म्हणून त्यास आपण ‘सीसी-चल’ म्हणू. अनेक फाइलींचे काम पार पाडणारा ‘मेक’ हा कार्यक्रम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत लिहिला. संकलक कोणता, हे तो या चलावरून ठरवितो. चलाची किंमत कोठून घ्यावयाची याला क्रम आहे. आज्ञेच्या ओळीतच ‘मेक सीसी=क्लँग’ असे लिहिले तर ते सर्वांत बलवान. त्याखालोखाल मेकफाइलमध्ये लिहिलेले. त्याखाली शेलच्या परिसरात ठेवलेले. आणि कोणीच काही सांगितले नसेल तर मेकचे स्वतःचे गृहीत, जे जीएनयूच्या मेकमध्ये ‘सीसी’ हेच आहे. शेलमध्ये चल मांडूनही उपयोग झाला नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिचे कारण बहुधा एवढेच असते की, मेकफाइलने आपली निवड वर लिहून ठेवलेली असते. ‘सुडो’ लावून व्यवस्थापकाच्या अधिकाराने काम केले, तरीही परिसरातील असे चल सामान्यतः गाळले जाते.

काही साधने एकदा केलेली निवड लक्षात ठेवतात. ‘सीमेक’ पहिल्या वेळी संकलक शोधून त्याची नोंद बांधणीच्या डिरेक्टरीत करतो. नंतर चल बदलले तरी तो जुन्या नोंदीस धरून राहतो. नवी बांधणी नव्या, रिकाम्या डिरेक्टरीत करावी. शोधण्याचा क्रमही सर्वांचा एक नाही. चल दिलेले नसेल तर सीमेक आधी ‘सीसी’ हे नाव पाहतो, तर ऑटोकॉन्फने तयार केलेली ‘कॉन्फिगर’ फाइल आधी ‘जीसीसी’ पाहते. म्हणून यंत्रावरील ‘सीसी’ बदलूनही काही कामे जुन्याच संकलकाकडे जातात. त्यात गूढ काही नाही; त्यांनी त्या हुद्द्यास विचारलेलेच नसते.

व्यक्तीपुरती निवड करावयाची तर आपल्या गृह-डिरेक्टरीत ‘बिन’ नावाची डिरेक्टरी करावी, तीत ‘सीसी’ नावाचा दुवा हव्या त्या संकलकाकडे वळवावा, आणि ती डिरेक्टरी ‘पाथ’च्या यादीत सर्वांआधी घालावी. व्यवस्थापकाचा अधिकार लागत नाही आणि शेजाऱ्याच्या कामास धक्का लागत नाही. बॅश शेल पूर्वी सापडलेले ठिकाण ध्यानात ठेवतो. नवा दुवा केल्यावरही जुनाच संकलक चालत असेल तर ‘हॅश -आर’ म्हणून त्यास ते विसरावयास लावावे. शेलमधील ‘एलियस’ने नाव बदलण्याची युक्ती येथे कामाची नाही. ती फक्त आपण स्वतः टंकित केलेल्या ओळीस लागू पडते. मेकने चालविलेल्या आज्ञांस तिचा पत्ताही नसतो.

यंत्रापुरता बदल सर्वांत शेवटी. शाळेच्या संगणकावर ‘सीसी’ बदलला म्हणजे तो त्या यंत्रावरील प्रत्येक विद्यार्थ्यापुरता बदलला, आणि रात्री आपोआप चालणाऱ्या कामांपुरताही. एखाद्या उपकरणाचा चालक गाभ्याबरोबर त्या यंत्रावरच संकलित होत असेल, तर गाभा ज्या संकलकाने सिद्ध झाला त्याच्याशी चालकाचा संकलक जुळणे इष्ट असते. गाभा स्वतः कोणत्या संकलकाने घडला हे ‘/प्रॉक/व्हर्जन’ ही फाइल वाचली म्हणजे कळते. बदल करणे भागच असेल तर ‘सीसी’ व ‘सी++’ दोन्ही बरोबर बदलावीत, बदलाची तारीख वहीत लिहावी, आणि एक लहानशी परिचित आज्ञावली संकलित करून पाहावी.

काम संपल्यावर पूर्वस्थितीस येण्यासाठी पूर्वीचा धनी पुन्हा हाताने निवडू नये. तसे केल्यास दिसावयास सारे पूर्ववत् होते, पण ते पद हस्तचलित स्थितीतच राहते आणि पुढे कधी तो संकलक मागे टाकून प्रणाली नवा नेमू लागली, तर ती नेमणूक अडून राहते. त्याऐवजी ‘अपडेट-अल्टर्नेटिव्हज --ऑटो सीसी’ ही आज्ञा द्यावी, मग ‘--ऑटो सी++’, आणि नंतर ‘--डिस्प्ले’ने दोन्हींची स्थिती स्वयंचलित झाल्याची खात्री करून घ्यावी.